आप्पांच्या खुर्चीमागचा वारा

कॉम्प्युटर कशाने तापतो आणि कशाने गार राहतो, हे १९९७ सालच्या उन्हाळ्यात अख्ख्या नेरूळमध्ये माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. हे मी अगदी नम्रपणे सांगते आहे! मी कॉलेजच्या ग्रंथालयात सकाळपाळीला काम करते आणि आयुष्यात एकही गोष्ट आधी वाचल्याशिवाय केलेली नाही. पोहायलासुद्धा मी पुस्तकावरूनच शिकले. पाण्यात अजून उतरले नाही, पण हात कसे मारायचे ते कधीही विचारा.

त्यामुळे आमच्या घरातल्या क्लासचे चार कॉम्प्युटर रोज दुपारी एकामागून एक बंद पडायला लागले तेव्हा मी घाबरले नाही. उलट मनातल्या मनात पदर खोचला. चला, वाचायला एक नवा विषय मिळाला!

हे कॉम्प्युटर आप्पांनी आणले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी तीस वर्षं कांद्याच्या गोण्या पाठीवरून वाहिल्या, आधी मुंबईत आणि बाजार हलल्यावर तुर्भ्याच्या मार्केटात. शेवटची दहा वर्षं ते टोळीचे मुकादम होते. काम सोडल्यावर एक दिवस त्यांनी घरातली पुढची खोली रिकामी केली आणि फोर्टमधल्या एका बंद होणाऱ्या ऑफिसातून चार जुने कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर कांद्याच्या ट्रकमधून, गोणपाटात गुंडाळून घरी आणले.

"आता हमालांच्या पोरी हितं शिकतील," ते म्हणाले. "त्यांच्या डोक्यावर वज्जं नको. बोटांवर काम पायजे."

मग टोळीतल्या बारा जणांच्या घरी स्वतः जाऊन त्यांनी शब्द दिला, की पोरीला सर्टिफिकेट माझ्या ओट्यावर मिळंल, लांब जावं लागणार न्हाई. आणि गेल्या मार्गशीर्षात, क्लास सुरू होऊन तीन महिने झाले असताना, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ते गेले.

शब्द मात्र राहिला. सर्टिफिकेट द्यायला मान्यता लागते, आणि मान्यतेसाठी परीक्षक यायचे होते. मे महिन्यातला दुसरा मंगळवार. पत्रात अट स्पष्ट होती : चारही यंत्रं सलग दोन तास न थांबता चालली पाहिजेत. नाही चालली तर परीक्षेचं केंद्र वाशीला. आणि वाशीला पोरीला पाठवणार नाही, असं बारांपैकी आठ बापांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

कॉम्प्युटर तासाभराच्या वर एकदाही चालत नव्हते. ग्रंथालयातून आल्यावर मीच शिकवायचे; क्लास तीनला सुरू व्हायचा. चारच्या सुमाराला पहिल्याचा पडदा गोठायचा, मग दुसऱ्याचा. सव्वाचारला बाराही मुली हाताची घडी घालून बसलेल्या असायच्या, पुसून टाकलेल्या फळ्यासारख्या.

वाशीच्या शौकतभाईंना बोलावलं. ते मूळचे अलिबागकडचे, यंत्रांचे डॉक्टर. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि दारातच थबकले.

"मॅडम, यांना स्वेटर कोणी घातले?"

स्वेटर नव्हते. खोळी होत्या. आईने शिवलेल्या, चारही यंत्रांना अगदी मापात बसणाऱ्या, पुढे बटणांसाठी भोक ठेवलेल्या.

"धूळ बसती," आई म्हणाली. "तुर्भ्याच्या खाणींची धूळ हितपतूर येती."

"चाची, धूळ बसू दे थोडी. मे महिन्यात तुम्हाला कोणी गोधडीत गुंडाळलं तर तुम्ही काम कराल काय?"

"मी केलंय," आई म्हणाली.

शौकतभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. यंत्राला श्वास घ्यायला जागा पाहिजे, पुढून गार हवा आत आणि मागून गरम हवा बाहेर. मागे भिंत असेल तर वीतभर अंतर ठेवा. खोलीत वारा खेळता ठेवा. खोळी काढा. "बाकी पार्ट एकदम झकास आहेत मॅडम. बिचाऱ्यांचा जीव गुदमरतोय, बस!"

मी मान डोलावली. मात्र खोळी आप्पांच्या धोतरांच्या होत्या. हे शौकतभाईंना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून मी आईला काहीच बोलले नाही आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून सात पुस्तकं घरी आणली.

सातांपैकी दोन कॉम्प्युटरवर होती. एक घरबांधणीवर, एक कुक्कुटपालनावर (पिंजऱ्यातल्या हवेचं प्रकरण फार सुंदर आहे!) आणि उरलेली पृथ्वीवरच्या वाऱ्यांवर. चार दिवसांत वाचून काढली आणि मोठ्या कार्डशीटवर खोलीचा नकाशा काढला. गार हवेचे बाण निळे, गरम हवेचे तांबडे, आणि ज्यांच्याबद्दल माझी खात्री नव्हती ते हिरवे. हिरवे जरा जास्त झाले.

माझी योजना अशी होती : चारही कॉम्प्युटर भिंतीपासून सोडवायचे आणि खोलीच्या मधोमध एकामागे एक असे गोलाकार मांडायचे. पृथ्वीवर वारे गोल फिरतात, खोलीतही फिरतील! मधे टेबलफॅन.

नकाशात पश्चिमेच्या खिडकीपाशी मी एक चौकोन काढला होता आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'फर्निचर'. ती आप्पांची खुर्ची होती. लाकडी, रुंद हातांची, पाठीला उभी फळी आणि त्यावर त्यांचं घडी केलेलं घोंगडं. मार्केटातून चार वाजता आले की ते तिच्यात बसायचे आणि चहा यायचा. मार्गशीर्षापासून त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं, तिला कुणी हलवलंही नव्हतं. आई फरशी पुसताना खुर्चीच्या पायांभोवतीने पुसायची. आप्पा बसताना ती पुढे ओढून खिडकी उघडायचे; आता खिडकीची दारं खुर्चीच्या पाठीला अडायची, म्हणून खिडकी मिटलेलीच असायची. नकाशा काढताना मी ही गोष्ट लक्षात घेतली नाही असं नाही. मी तिच्याभोवतीने बाण वळवले.

मांडणी झाली. आता हवा खरंच गोल फिरते का, हे तपासायचं होतं. पुस्तकात लिहिलं होतं, धुराची रेघ पाहावी. मी देवघरातल्या पाच उदबत्त्या पेटवल्या आणि त्या हातात धरून कॉम्प्युटरांभोवती हळूहळू प्रदक्षिणा घालू लागले. धुराकडे नजर लावून. ओठांनी आकडे पुटपुटत.

नेमक्या त्याच क्षणी गोजरा मावशी दारात उभ्या राहिल्या.

गोजरा मावशी सारसोळ्याच्या. डोक्यावर मासळीची पाटी, आणि पाटीत मासळीपेक्षा बातम्या जास्त! त्या दारात उभ्या. समोर उदबत्त्या घेऊन गोल फिरणारी मी.

"काय गो बाय, कसली पूजा हाय?"

"पूजा नाही मावशी. वारा बघतेय."

"कोनाचा वारा?"

मी तोंड उघडायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "रोज चारला बंद पडत्यात गं ती यंत्रं. बरोब्बर चारला. ह्यांची यायची येळ."

आईने हे सहज म्हटलं होतं. गोजरा मावशींनी मात्र पाटी खाली ठेवली. खुर्चीकडे पाहिलं. उदबत्त्यांकडे पाहिलं. पाटी पुन्हा उचलली आणि बांगडा न विकताच निघून गेल्या. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने विचारलं, "आप्पा कॉम्प्युटरमधी येतात म्हनं?"

दुपारी शेजारच्या मालतीबाई नारळ घेऊन आल्या.

"उज्वला, काही विचारायचं असेल तर आधी नारळ ठेवावा. आमचे ते सहा वर्षांपूर्वी किल्ली कुठे ठेवून गेले, तेवढं विचारशील का?"

"मालतीबाई, कॉम्प्युटर तापतात म्हणून बंद पडतात!"

"तेच म्हणते मी. आप्पांचा स्वभाव तापटच होता."

तीन वाजता क्लास सुरू झाला तेव्हा बारा मुली होत्या. साडेतीनला बारा मुली आणि नऊ बायका. बायका भिंतीला टेकून, गुडघे दुमडून, पदर सावरून बसल्या. कुणीतरी दारही लोटून घेतलं, बाहेरच्या आवाजाने आप्पांना त्रास नको म्हणून! बाहेर मे महिना, आत एकवीस माणसं आणि चार तापट यंत्रं. माझे निळे बाण कधीच तांबडे झाले होते. पावणेचारला पहिला पडदा गोठला.

"आले!" मालतीबाई ओरडल्या.

"आज लवकर आले," दुसरी म्हणाली.

"मार्केट लवकर सुटलं असंल," तिसरी शांतपणे म्हणाली.

मी सगळ्यांना समजावलं, की एकेक माणूस म्हणजे एकेक शेगडी, गर्दीमुळे खोली लवकर तापली, म्हणून यंत्रं लवकर थांबली, हे साधं विज्ञान आहे. बायकांनी मन लावून ऐकून घेतलं. जाताना एकीने खुर्चीला नमस्कार केला.

आई आत गेली आणि कपात चहा घेऊन बाहेर आली. खुर्चीपाशी घुटमळली. मग तो चहा माझ्या हातात देऊन म्हणाली, "घे. मी चुकून जास्त टाकला."

खरं सांगायचं तर पडदा गोठला तेव्हा मीही एकदा खुर्चीकडे पाहिलं होतं. सात पुस्तकं वाचूनसुद्धा.

बातमी आणखी दोन दिवसांनी तुर्भ्याच्या मार्केटात पोचली आणि रविवारी सकाळी शहाजी नाना आले. आप्पांबरोबर तीस वर्षं एकाच टोळीत काम केलेले. गोणीच्या एका टोकाला आप्पा आणि दुसऱ्या टोकाला नाना, असंच मी त्यांना लहानपणापासून पाहत आले. आता टोळीचे मुकादम तेच होते. डोक्यावरची टोपी काढून दारात उभे राहिले.

"वैनी, काय ऐकतोय मी ह्ये? आप्पा येतो आन काम बंद पाडतो?"

"लोक म्हनत्यात भावजी."

"लोकांला काय कळतंय! बंद पडल्यालं चालू करनारा मानूस त्यो. त्यानं आयुष्यात कुनाचं काम थांबवलं न्हाई, आन आता पोरींचं थांबवंल व्हय?"

मला वाटलं, एवढ्या पुस्तकांत हे वाक्य कसं नव्हतं.

मग नाना कॉम्प्युटरांपाशी गेले. मी नुकतेच ते तपासायला चालू केले होते. त्यांनी एका यंत्राच्या मागे तळहात धरला. दुसऱ्याच्या धरला. मग खाली वाकून चक्क वास घेतला.

"वाफ धरलीया ह्यानं," ते म्हणाले. "कांदा असाच नासतो."

"नाना, हे कांदे नाहीत."

"ठावं हाय. कांदा सवस्त असतो." नानांनी गोलाभोवती एक फेरी मारली, उदबत्तीशिवाय. "उज्वला, ह्याचं त्वांड कुठंशी?"

"हे. इथून गार हवा आत जाते."

"आन बूड?"

"मागे. तिथून गरम हवा बाहेर पडते."

"मंग तू ह्येच्या बुडाला त्येचं त्वांड लावलंयास की! ह्यानं सोडायचं आन त्यानं घ्यायचं. चौघंबी एकमेकाचं उष्टं खात्यात!"

मी नकाशाकडे पाहिलं. गोल होता. सुंदर होता. आणि गोलात, अर्थातच, प्रत्येकाचं तोंड पुढच्याच्या पाठीला लागतं. एवढं मला सात पुस्तकांनी सांगितलं नाही, कारण मी त्यांना तसं विचारलं नव्हतं.

"मधे पंखा आहे ना," मी दुबळेपणाने म्हटलं.

"पंखा गरम हवा घुसळतोय. ताक हुईल त्याचं." मग नानांनी कार्डशीटवर बोट ठेवलं. "ह्यो चौकोन काय म्हनायचा?"

"फर्निचर."

"कुठलं?"

आई खिडकीकडे न पाहता पदराच्या टोकाने हात पुसत होती. नानांनी खुर्चीकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "बरं. येतो मी."

मंगळवार उजाडला. मी रजा घेतली होती. गोल मोडून मी चारही यंत्रं एका ओळीत लावली, दोन टेबलफॅन त्यांच्या पाठीमागून लावले आणि निश्चिंत झाले. (फॅन पाठीमागून! म्हणजे यंत्र गरम हवा बाहेर ढकलणार आणि मी ती पुन्हा आत ढकलणार. पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी पुस्तकाचं नाव विचारलं असतं.) परीक्षक बाईंना आणायला एक वाजता स्टेशनवर गेले. त्यांची गाडी चुकली, मग पुढची उशिरा आली. प्रियदर्शिनी मॅडम उतरल्या तेव्हा अडीच वाजले होते. पन्नाशीच्या, चष्मा, हातात जाड फाईल, चेहऱ्यावर अख्ख्या मे महिन्याचा राग. सकाळपासून त्यांनी दोन क्लास तपासले होते, दोन्ही नापास केले होते.

"पहिल्याच्या खोलीला खिडकीच नव्हती," रिक्षात त्या म्हणाल्या. "दुसऱ्याकडे होती, पण तिच्यासमोर कपाट! लोक विचारच करत नाहीत."

"हो ना," मी म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

घराच्या कोपऱ्यावर रिक्षा वळली आणि मी पुढे वाकून पाहिलं. दारापुढे टेम्पो उभा. ओट्यावर चार पहिलवान हमाल, खांद्यावर गोण्या ओढायचे लोखंडी आकडे. सगळीकडे कांद्याची टरफलं उडत होती, लग्नातल्या अक्षतांसारखी! ओट्याच्या कडेला अर्धी गल्ली गोळा झाली होती, आणि सगळ्यांत पुढे पाटीसकट गोजरा मावशी.

"ही कसली गर्दी?" मॅडमनी विचारलं.

"पालक," मी म्हणाले.

धावत आत गेले. माझी ओळ गायब! माझे दोन्ही फॅन कोपऱ्यात तोंड फिरवून उभे, शिक्षा झाल्यासारखे. खोलीत लाकडी पट्ट्या जमिनीपासून वीतभर उंच टाकलेल्या, मार्केटात गोण्यांच्या थप्पीखाली घालतात तशा. त्यांवर चारही कॉम्प्युटर तिरपे, एकाआड एक, एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडासमोर येणार नाही असे. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आणि पाठी दाराकडे. दोन यंत्रांमधून हात फिरेल एवढी वाट. मुली बाजूच्या बाकांवर बसून टायपिंग करत होत्या, आणि त्यांच्या कपाळावरचे केस हलत होते.

केस हलत होते! मी पश्चिमेकडे पाहिलं. खिडकी सताड उघडी. तिच्यावर पांढरं पातळ कापड टांगलेलं, खाडीच्या वाऱ्याने फुगलेलं, धूळ अडवून वारा आत सोडणारं. खोळींची उसवलेली शिवण त्याच्या कडेला दिसत होती. आणि खिडकीखालच्या फरशीवर फक्त चार ठसे. खुर्चीच्या चार पायांचे.

"खुर्ची?" मी आईला विचारलं.

आईने दाराकडे बोट केलं. दाराजवळ, जिथून वारा खोलीतून बाहेर पडत होता, तिथे बाजूला आप्पांची खुर्ची होती.

आणि तिच्यात प्रियदर्शिनी मॅडम बसल्या होत्या.

फाईल मांडीवर, चष्मा हातात, डोकं मागे घोंगड्याला टेकलेलं. ओट्यावरून गोजरा मावशींचा आवाज, "आप्पाच्या खुर्चीत बसली गो ती!"

मॅडमनी डोळे उघडले. "कोण आप्पा?"

"माझे वडील," मी म्हणाले.

"ते येणार आहेत का? मी उठू?"

बाराही मुलींची बोटं थांबली. शहाजी नाना टोपीशी चाळा करू लागले. आई पुढे आली, घोंगड्याची घसरलेली घडी तिने मॅडमच्या पाठीमागे नीट केली.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी बसा."

तीन वाजता मॅडमनी फाईलमध्ये वेळ लिहिली. चार कॉम्प्युटर सुरू होतेच. सव्वातीनला त्यांनी मुलींना दोन प्रश्न विचारले. साडेतीनला एक. त्यानंतर खाडीवरून जो वारा सुटला, तो त्या पांढऱ्या कापडातून, चार यंत्रांच्या मधून, मुलींच्या वेण्या उडवत थेट दाराशी पोचला, आणि मॅडमचं पेन फाईलवरून हळूच घरंगळलं.

त्या झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं. सरकारी कागदावर हात.

"उठवू का?" एका मुलीने ओठांनीच विचारलं.

"खबरदार!" मी ओठांनीच म्हणाले.

चारला पाच कमी होते. ओट्यावरची गर्दी दारात दाटायला लागली, तशी नानांनी दोन्ही हात पसरले. "वारं अडवू नगा! बाजूला व्हा! हितं शेगड्या नगं!" बायका दोन्ही बाजूंना पांगल्या आणि ओट्याच्या पायऱ्यांवरून माना लांबवून बघू लागल्या. भिंतीवरचं घड्याळ एवढं मोठ्याने वाजतं हे मला त्या दिवशी कळलं. मी पहिल्या यंत्राच्या पाठीमागे तळहात धरला. कोमट. नानांसारखा वास घेतला. काहीच कळलं नाही, पण बरं वाटलं.

चार वाजले.

"करर्र! करर्र! करर्र!"

ओट्यावर किंकाळी उठली. मालतीबाईंच्या हातातला नारळ पायरीवर पडून फुटला. "आले! आले!" कुणीतरी ओरडलं. एक हमाल चक्क टेम्पोत चढला! आणि कोपऱ्यातला प्रिंटर शांतपणे कागद बाहेर काढत राहिला, कारण घाबरलेल्या एका मुलीचं बोट नको त्या बटणावर पडलं होतं. कागदावर छापून आलं, 'मा. महोदय, आपल्या कार्यालयातील नोकरीसाठी मी अर्ज करीत आहे.'

मॅडमनी एक डोळा उघडला. "प्रिंटरही चालतो. छान." आणि डोळा पुन्हा मिटला.

चार वाजून पाच मिनिटं. सव्वाचार. साडेचार. एकही पडदा गोठला नाही. हळूहळू ओट्यावरच्यांचा उत्साह मावळला. मालतीबाई खोबऱ्याचे तुकडे वाटत म्हणाल्या, "आज नाही आले वाटतं." आवाजात जरा निराशा होती. किल्लीचं तसंच राहिलं.

पाचला आईने चहा ठेवला. कपबशीच्या आवाजाने मॅडम जाग्या झाल्या, घड्याळ पाहून दचकल्या, मग चारही पडद्यांकडे पाहून सावरल्या. चहा पीत त्यांनी अहवाल लिहिला, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. मान्यता होती! यंत्रं, वीज, शिक्षिका, सगळ्यांपुढे 'समाधानकारक' लिहिलं होतं. फक्त वायुवीजनापुढे लिहिलं होतं, 'उत्कृष्ट. स्वतः पडताळून पाहिले.'

त्या गेल्यावर मुलींनी जो गोंगाट केला, त्याने चार काय, चाळीस कॉम्प्युटर बंद पडले असते. एक बाप ओट्यावर उभा राहून डोळे पुसत होता. वर म्हणत होता, टरफल गेलं. कांद्याच्या माणसांचं हे बरं असतं.

मी नानांना गाठलं. "नाना, वारा खिडकीतून येतो आणि दारातून जातो, हे तुम्हाला कसं कळलं? मी पाच उदबत्त्या जाळल्या!"

नाना पट्ट्या मोजून बघत होते. ते हसले.

"मला कुठलं कळतंय! आप्पा जिथं जाईल तिथं आधी वारं बघायचा. नवा गाळा मिळाला की आत जाऊन गप उभा ऱ्हायचा, डोळं मिटून. मंग म्हनायचा, थप्पी हितं. तीस वर्सांत त्याची थप्पी नासली न्हाई. त्या दिशी मी हितं आलो आन नुसतं बघितलं, आप्पानं सोताची खुर्ची कुठं मांडलीया."

खिडकीतलं कापड आत आलं, बाहेर गेलं.

"आन हलवायचं म्या नव्हतं काढलं," नाना म्हणाले. "वैनीच म्हनल्या. एक पाय त्यांनी धरला, एक म्या."

रात्री जेवताना मी आईला विचारलं, "तुला काय वाटलं गं, खुर्ची उचलताना?"

"जड हाय," आई म्हणाली. "सागवान." मग मला भाकरी वाढत, "त्यांला तरी किती दिस एका जागी बसवायचं?"

तर असा माझ्या अभ्यासाचा निष्कर्ष निघाला. बाराही मुली परीक्षेला आमच्याच ओट्यावर बसल्या. खुर्ची आता दाराजवळच असते. जो थकून येतो तो तिच्यात बसतो, आणि पाच मिनिटांत घोरतो. गोजरा मावशी तर पाटी उतरवून रोजच. क्लास चालू असताना कुणी घोरण्याची तक्रार केली, की त्या म्हणतात, "मी वारा बघते."

माझा नकाशाही फुकट गेला नाही. कार्डशीट मजबूत होतं. आईने त्यावर यंदाच्या कुरडया वाळत घातल्या, नेमक्या हिरव्या बाणांवर. तिथे म्हणे वारा फार छान लागतो.